सूत्री विभाजन: गुणसूत्रं मधोमध रांगेत का थांबतात?

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

नववी-दहावीच्या कुठल्याही मुलाला सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या, अवस्था विचारा. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, चारही नावं घडाघडा येतात. मध्यावस्थेत काय होतं? "गुणसूत्रं पेशीच्या मधोमध येतात." का येतात? इथे वर्ग गप्प होतो. मी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. या 'का'साठीच धागा काढलाय, कारण तो एक प्रश्न सुटला की बाकीच्या अवस्था पाठ कराव्या लागत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. पेशी मधूनच फाटत नाही. आधी सगळं दुप्पट होतं, मगच वाटणी होते. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो राहतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या किंवा त्याहून लहान केंद्रकात. आपल्या शरीरातली भराभर वाढणारी पेशी २४ तासांत एक चक्र पुरं करते असं धरलं, तर डीएनएची नक्कल करण्यातच तिचे ८ तास जातात. प्रत्यक्ष विभाजन उरकतं तासाभरात. पुस्तकातली चारही चित्रं त्या एका तासाची आहेत.

नक्कल झाली की प्रत्येक गुणसूत्राच्या, म्हणजे डीएनएच्या एकेका धाग्याच्या, दोन सारख्या प्रती होतात. या प्रती म्हणजे दोन क्रोमॅटिड. कोहेसिन नावाची प्रथिनं त्यांना एकत्र धरून ठेवतात. पूर्वावस्थेत हे धागे आखडून आखूड आणि जाड होतात. केंद्रकावरण विरघळतं, आणि पेशीच्या दोन टोकांकडून तर्कुतंतू (गुणसूत्रं ओढणारे बारीक धागे) वाढायला लागतात. हे तंतू स्थिर नसतात. ते वाढतात, मध्येच तुटून आखडतात, पुन्हा दुसऱ्या दिशेने वाढतात. असं चाचपडताना एखाद्याचं टोक गुणसूत्रबिंदूवरच्या (दोन क्रोमॅटिड जिथे जोडलेले असतात त्या जागेवरच्या) कायनेटोकोर नावाच्या प्रथिनांच्या गाठीला लागतं आणि तिथे पकड बसते.

आता खरी गोष्ट. एका क्रोमॅटिडला डावीकडचा तंतू आणि जुळ्या क्रोमॅटिडला उजवीकडचा तंतू लागला, तर दोन्ही बाजूंनी ओढ बसते. यात्रेतल्या रस्सीखेचीत दोन्ही संघ तोडीस तोड असले की दोर ताणलेला असतो आणि मधली खूण जागची हलत नाही, तसं. गुणसूत्रं रांगेत दिसतात ती या ओढीमुळे. त्यांना तिथे कुणी मांडून ठेवलेलं नसतं. आणि दोन्ही क्रोमॅटिड चुकून एकाच टोकाच्या तंतूंना जोडले गेले तर? मग ताणच बसत नाही. ऑरोरा बी नावाचं प्रथिन अशी बिनताणाची पकड सैल करतं, तंतू सुटतो आणि पुन्हा पकडापकडी सुरू होते. ताण बसला तर पकड टिकते, नाही तर सुटते. आणि सगळी गुणसूत्रं अशी नीट जोडली जाईपर्यंत पेशी पुढे न जाता थांबते. निसर्गातली इतकी साधी आणि इतकी भरवशाची तपासणी मला दुसरी माहीत नाही.

हे मुलांपर्यंत कसं पोचवायचं, कुणी काय करून पाहिलंय, ते लिहा. शंकाही विचारा.

---

टिळकवाडी_आई

ताई, फार छान लिहिलंय. माझी मुलगी नववीत आहे. ती विचारते, माणसाची गुणसूत्रं ४६, त्याचे दोन भाग झाले तर २३-२३ व्हायला हवीत ना? मग दोन्ही पेशींत ४६ कशी?

---

मलप्रभाकाठ

हा प्रश्न वर्गात दर वर्षी येतो आणि यायलाच पाहिजे. मुलीला सांगा, वाटणी गुणसूत्रांची होत नाही, प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रतींची होते. ४६ गुणसूत्रं, प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे ९२ क्रोमॅटिड. पश्चावस्थेत प्रत्येक जोडीतला एक इकडे, एक तिकडे. दोन्हीकडे ४६. डीएनए दुप्पट होऊन पुन्हा मूळच्या इतकाच राहतो. संख्या २३ वर येते ती अंडपेशी आणि शुक्रपेशी तयार होताना, अर्धसूत्री विभाजनात. तिथे नक्कल एकदाच होते पण वाटणी दोनदा.

घरी करून दाखवायचं असेल तर दोन रंगांच्या लोकरीचे तुकडे घ्या. प्रत्येकाचा तसाच जुळा कापायला लावा आणि मधोमध टाचणीने जोडा. जुळे कापून झाल्याशिवाय वाटणीला हात लावू द्यायचा नाही. एवढा नियम पाळला की २३ चा घोळ होत नाही.

---

पीयूसी_बायो

टीचर, मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो. आता पहिल्या पीयूसीला (अकरावीला) सगळं इंग्रजीत आहे. मेटाफेज, ॲनाफेज पाठ आहे, पण तुम्ही लिहिलं तसं कुणी सांगितलं नव्हतं. माझी शंका अशी: ताण बसेपर्यंत पेशी खरंच थांबते हे कळलं कसं? सूक्ष्मदर्शकातून ओढ तर दिसत नाही.

---

निवृत्त_प्राध्यापक_शहापूर

बाळ, शंका उत्तम आहे. विज्ञानात 'कळलं कसं' हेच आधी विचारायचं असतं. मी अनेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात करू जर्मनीतल्या वाल्थर फ्लेमिंगपासून. त्याने सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या अळ्यांच्या पेशी निवडल्या, कारण त्यांची गुणसूत्रं मोठी असतात. तेव्हा नव्याने निघालेल्या ॲनिलिन रंगांनी त्याने पेशी रंगवल्या. स्थिर केलेल्या पेशींत जे दिसलं ते जिवंत पेशींतही पाहून क्रम लावला, आणि १८८२ साली त्यावर ग्रंथ काढला. 'मायटोसिस' हे नाव त्याचंच. 'क्रोमोसोम' हे नाव मात्र १८८८ मध्ये वाल्डायरने दिलं. फ्लेमिंगला प्रती होतात हे दिसलं, पण त्यांचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध लागायला पुढचं शतक उजाडावं लागलं.

तर्कुतंतू खरे आहेत की रंगवताना तयार झालेला आभास, यावर बरीच वर्षं वाद होता. १९५० च्या दशकात शिन्या इनोउए यांनी ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक सुधारून जिवंत पेशीत, न रंगवता, तंतू दाखवले. तिथे वाद मिटला.

आता तुझी शंका. १९६९ मध्ये ब्रूस निकलस आणि त्यांच्या सहकाऱ्याने नाकतोड्याच्या पेशीत काचेची अतिसूक्ष्म सुई घालून गुणसूत्र हलवलं. चुकीच्या बाजूला जोडलेलं गुणसूत्र तसंच सोडलं की त्याची पकड सुटायची. तेच सुईने ओढून कृत्रिम ताण दिला की पकड टिकायची. म्हणजे ताण हीच खूण. या पेशी अर्धसूत्री विभाजनातल्या होत्या, हे लक्षात ठेव, पण तर्कूची, म्हणजे या तंतूंच्या जुळणीची, यंत्रणा तीच.

थांबण्याबद्दलचा प्रयोग १९९५ चा, कॉनली रीडर आणि सहकाऱ्यांचा. पेशीतलं एकच गुणसूत्र नीट जोडलेलं नसलं तरी पेशी पश्चावस्थेत जात नाही, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी त्या शेवटच्या, न जोडलेल्या कायनेटोकोरवर लेसरचा झोत टाकून तो नष्ट केला. ते गुणसूत्र जोडलं न जाताही पेशी पुढे निघाली. याचा अर्थ, 'थांबा' हा निरोप त्या मोकळ्या कायनेटोकोरकडूनच येत होता. बाकी सगळी जोडली गेलेली असली तरी एक मोकळा पुरतो, सगळ्यांना थांबवायला.

निरोप बंद झाला की सेपरेज नावाचं विकर (एन्झाइम) मोकळं होतं, ते कोहेसिन कापतं, आणि सगळे जुळे जवळपास एकाच वेळी सुटतात. पश्चावस्था अचानक सुरू होते ती यामुळे.

---

घटप्रभाकाका

बाई, उसाचंबी सांगा की. आमच्याकडे ८६०३२ ह्या उसाच्या जातीचं बेणं वर्षानुवर्षं तेच. एका डोळ्यातनं कोंब, त्याचा ऊस, त्याचंच परत बेणं. बी पेरून ऊस केलेला आम्ही कधी बघितला नाही. मग हा सगळा ऊस ह्या विभाजनातनंच आला म्हणायचं? आणि तसं असंल तर बेणं जुनं झालं की उतारा का पडतो? वाटणी करता करता गुणसूत्रं झिजतात काय?

---

कडोली_कृषी

काका, पहिल्या प्रश्नाचं उत्तर होय. को ८६०३२ चं पहिलं रोप कोईमतूरला संकरातून तयार झालेल्या एका बियाचं. त्यानंतर हुक्केरी, चिकोडी, अथणीपासून पलीकडे कोल्हापूर-सांगलीपर्यंत लागलेला त्या जातीचा प्रत्येक ऊस त्या एका रोपाच्या पेशी विभागत विभागत आलेला आहे. आधुनिक उसाच्या पेशीत १०० ते १३० गुणसूत्रं असतात. तेवढ्या सगळ्यांची नक्कल आणि वाटणी, दर विभाजनाला, दर डोळ्यात.

आमच्या पट्ट्यातल्या रताळ्याचंही तेच, वेलाचे तुकडे लावतो. रताळ्यात ९० गुणसूत्रं, बटाट्यात ४८, भातात २४. आकडा मोठा म्हणजे जीव मोठा असं काही नाही, माणूस ४६ वर आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही. गुणसूत्रं झिजत नाहीत. उतारा पडतो कारण बेण्याबरोबर रोग पुढे जातो. गवताळ वाढ, मोझॅक, लाल कूज हे कांडीतच बसलेले असतात, आणि आपण कांडी लावली की तेही नव्या फडात येतात. म्हणून बेणे मळ्यात ५४ अंशाच्या दमट उष्ण हवेची प्रक्रिया करतात, आणि ऊतिसंवर्धनात (झाडाचा छोटा तुकडा बाटलीत वाढवून रोप करतात त्यात) उसाच्या शेंड्याचा अगदी टोकाचा भाग घेतात. तिथल्या पेशी इतक्या भराभर विभागत असतात आणि तिथे वाहिन्याही अजून झालेल्या नसतात, त्यामुळे विषाणू बहुतेक वेळा तिथवर पोचत नाहीत. तीन-चार वर्षांनी बेणं बदला म्हणतात ते यासाठी.

क्वचित नक्कल करताना एखाद्या पेशीत बदल होतो आणि त्या पेशीपासून आलेला अख्खा फुटवा वेगळा निघतो, पांढरे पट्टे असलेल्या पानांचा वगैरे. तसा दिसला तर त्याचं बेणं धरू नका.

---

निपाणकर

कडोली दादांनी ऊतिसंवर्धनाचा विषय काढलाच आहे तर आमच्या तंबाखूचं नाव इथे आलंच पाहिजे. निपाणी म्हटलं की लोकांना विडीचा तंबाखू आठवतो. पण पेशी विभाजनाच्या अभ्यासात या झाडाचा वाटा फार मोठा आहे.

स्कूग आणि मिलर यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत तंबाखूच्या खोडातला गाभा बाटलीत वाढवत होते. नुसतं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक दिलं तर पेशी फुगायच्या, पण विभागायच्या नाहीत. १९५५ मध्ये कायनेटिन सापडलं आणि ते ऑक्सिनबरोबर दिल्यावर पेशी विभागायला लागल्या. त्यातूनच सायटोकायनिन हा संप्रेरकांचा गट पुढे आला. या दोघांचं प्रमाण बदललं की त्याच पेशींतून कधी कोंब तर कधी मुळं फुटतात, हेही तंबाखूवरच कळलं. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या ऊतींसाठी जे पोषक माध्यम बसवलं, तेच आज केळीपासून उसापर्यंत ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत वापरतात.

याच पानामुळे तोंडाचा कर्करोग होतो हेही आमच्या भागात बघायला मिळतं. त्याबद्दल जाणकारांनी लिहावं.

---

वडगाव_सिस्टर

दादा, मी कर्करोगाच्या वॉर्डात काम करते, म्हणून मीच लिहिते. तंबाखूतल्या रसायनांनी डीएनएला इजा होते. विभाजन कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं हे ठरवणारी जनुकंच बिघडली की पेशी कुणाचं ऐकत नाही. ती विभागतच राहते, आणि वर मलप्रभाकाठ ताईंनी सांगितलेली तपासणीही अनेकदा ढिली पडते. कर्करोगाच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या कमी-जास्त सापडते ती त्यामुळे. थिओडोर बोव्हेरी या शास्त्रज्ञाने १९१४ मध्येच असा तर्क मांडला होता.

नातेवाईक नेहमी विचारतात, "सिस्टर, औषध गाठीसाठी आहे तर केस का जातात?" मी त्यांना सांगते, यातली बरीच औषधं विभागणाऱ्या पेशींना धरतात. ती पेशी गाठीतली की केसाच्या मुळातली, हे औषधाला कळत नाही. केसांची मुळं, तोंडातलं आणि आतड्यातलं अस्तर, हाडातला मगज, इथे विभाजन सतत चालू असतं. निरोगी माणसाच्या मगजात दर सेकंदाला २० लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार होतात. म्हणून तोंड येतं, रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी उतरतात. औषध थांबलं की याच पेशी पुन्हा विभागायला लागतात आणि केस परत येतात. एवढं समजावून सांगितलं की माणसं धीर धरतात.

आता तर्कुतंतूंचं. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिंक्रिस्टीन देतात. ते सदाफुलीपासून मिळतं. तर्कुतंतू ज्या ट्युब्युलिनपासून बनतात त्यालाच ते चिकटतं आणि तंतू उभेच राहू देत नाही. पेशी मध्यावस्थेच्या आसपास अडकते आणि बहुधा मरते. हे औषध घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात. मज्जापेशी (हाडातल्या मगजाच्या नव्हे, नसांच्या पेशी) विभागत नाहीत, मग त्यांना का त्रास, असं मला सुरुवातीला कोडं पडायचं. तसलेच तंतू मज्जापेशींच्या लांब शाखांत माल वाहून नेतात, ती वाहतूक अडते, हे डॉक्टरांनी समजावलं.

हात जोडून सांगते, अंगणातली सदाफुली खाऊन कर्करोग बरा होत नाही. औषधाची मात्रा काही मिलिग्रॅमची असते, शुद्ध करून थेट शिरेतच देतात. पाल्याचा रस पिऊन उपचार लांबवलेले रुग्ण आमच्याकडे येतात, तोवर रोग पसरलेला असतो.

---

जांबोटी_रान

सिस्टर, तुमच्या सूचनेत आणखी एक भर घालतो. पावसाळ्यात आमच्या बाजूला रानाच्या कडेला, कुंपणावर कळलावी फुलते. पाकळ्या खाली पिवळ्या, वर लाल आणि मागे वळलेल्या. पानाच्या टोकाचाच ताणा होतो आणि त्याने वेल वर चढते. या झाडात, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसीन असतं. तेही ट्युब्युलिनला धरतं आणि तर्कू मोडतं. कंद पोटात गेला तर माणूस दगावतो, म्हणून मुलांना झाड दाखवा, पण कंद उकरू देऊ नका.

याच कोल्चिसीनमुळे माणसाची गुणसूत्रं नीट मोजता आली. १९२० च्या दशकापासून सगळे ४८ धरून चालले होते. जो हिन त्यियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी कोल्चिसीन देऊन पेशी मध्यावस्थेत अडकवल्या, सौम्य द्रावणाने फुगवून गुणसूत्रं सुटी केली आणि १९५६ मध्ये ४६ हा आकडा जाहीर केला.

---

पीयूसी_बायो

टीचर, कांद्याच्या मुळाची स्लाइड आम्हाला प्रॅक्टिकलला आहे. मागच्या वेळी सगळ्या पेशी एकावर एक आल्या, काहीच कळलं नाही. आणि वनस्पतीत तारककाय (प्राण्यांच्या पेशीत तंतू जिथून निघतात तो भाग) नसतो तर तर्कू बनतो कशावर?

---

मलप्रभाकाठ

आधी दुसरं. सपुष्प वनस्पतींत तारककाय नसतो तरी तर्कू बनतो. गुणसूत्रांच्या भोवती आणि केंद्रकाच्या आसपास तंतू उगवतात आणि ते आपसात जुळून दोन टोकं धरतात. म्हणून कांद्याच्या पेशीतली टोकं प्राण्यांच्या पेशीसारखी निमुळती नसतात, बोथट दिसतात. शेवटी फरक आणखी मोठा. प्राण्यांच्या पेशीला बाहेरून खाच पडून ती मध्ये आवळली जाते. वनस्पतीच्या पेशीला भक्कम भित्तिका, ती आवळणार कशी? तिथे मधोमध छोट्या पिशव्या जमून पेशीपटल तयार होतं आणि ते आतून बाहेर वाढत कडेच्या भित्तिकेला मिळतं. स्लाइडवर अंत्यावस्थेतल्या पेशीत दोन केंद्रकांच्या मध्ये पुसटशी रेघ दिसली तर ती हीच.

आता स्लाइड. जुना, कोरडा कांदा घे, जुनी वाळलेली मुळं खरवडून काढ आणि बूड जेमतेम पाण्याला लागेल असा ग्लासवर ठेव. काही दिवसांत पांढरी मुळं येतात. दोन-तीन सेंटिमीटरची झाली की सकाळच्या वेळी कापायची. लगेच तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात २४ तास. पेशी ज्या अवस्थेत असतील तिथेच थांबतात.

तुझ्या पेशी एकावर एक आल्या याची कारणं बहुधा दोन. एक, मुळाचं टोक जास्त घेतलं. फक्त टोकाचे एक-दोन मिलिमीटर घ्यायचे. विभाजन तिथेच चालतं, त्याच्या मागच्या पेशी नुसत्या लांब होत असतात. दोन, सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गरम करायची पायरी घाईत उरकली. पेशींना एकमेकींशी चिकटवणारं पेक्टिन त्या ॲसिडने सुटतं. ते सुटलं नाही तर कितीही दाबलं तरी पेशी पसरणार नाहीत. मग ॲसिटोकार्मिन या रंगाचा थेंब, वर आच्छादक काच, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. काच घसरू द्यायची नाही, घसरली की गुणसूत्रं फरपटतात. ॲसिडचं काम सरांच्या देखरेखीखालीच कर, घरी नको.

आधी कमी वर्धनावर चौकोनी, दाट रंगाच्या पेशींचा भाग शोध, मग ४०० पट कर. बहुतेक पेशी विभाजनात नसतीलच, गोल केंद्रक घेऊन बसलेल्या दिसतील. निराश होऊ नकोस, तीही माहितीच आहे. शंभर पेशी मोज आणि कुठल्या अवस्थेत किती, ते लिही. ज्या अवस्थेला वेळ जास्त लागतो तिच्या पेशी जास्त सापडतात. पूर्वावस्थेतल्या बऱ्याच मिळतील, पश्चावस्थेतल्या मोजक्या. मध्यावस्थेच्या पेशीत १६ गुणसूत्रं मोजायचा प्रयत्न कर, कांद्यात तेवढीच असतात.

पश्चावस्थेची एखादी चांगली पेशी मिळाली तर मोबाइलचा कॅमेरा नेत्रभिंगाला टेकवून फोटो घे आणि इथेच टाक. प्राध्यापक सरांनी तो बघून सांगावं, गुणसूत्रांचे हात मागे ओढले जाऊन व्हीसारखे आकार आलेत की नाही. टिळकवाडीच्या ताईंच्या मुलीलाही तो दाखवता येईल.